मधल्या खोलीच्या नोंदी: लोणा, वाकळ आणि साडेतेरा फूट

१८ मार्च २०२५, मंगळवार

काल लेकीचा दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि आज सकाळी मधली खोली रिकामी करायला घेतली. घर साताऱ्यात, सासऱ्यांनी १९७४ साली बांधलेलं, नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली करडं मोझेक. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि दोन्हीच्या मध्ये ही, १० फूट बाय साडेतेरा. तीन दारं, एकच खिडकी. पश्चिमेच्या भिंतीपलीकडे मोरी. आत दिवाण, लोखंडी कपाट, सासूबाईंची पायाची शिलाई मशीन, पाहुण्यांच्या गाद्यांचा कमरेएवढा ढीग आणि भिंतीला छातीपर्यंत ओल. दिवसासुद्धा लाइट लावल्याशिवाय पेपर वाचता येत नाही.

या खोलीत सासूबाई झोपतात, म्हणजे आमच्या आई, वय ७४. लेक आता अकरावीला जाणार, तिला अभ्यासाला जागा हवी. धाकट्याला काही नको, त्याला हॉल आहे.

एका इंटिरिअरवाल्याला बोलावलं होतं, त्याने २ लाख ३५ हजारांचं एस्टिमेट दिलं. भिंतभर वॉर्डरोब, फॉल्स सिलिंग, हायड्रॉलिक बॉक्स बेड. चित्र देखणं होतं पण आईंनी एकच विचारलं, मी वाकळ कुठे अंथरू? मोजलं तर मध्ये चार फूट उरत होते. वाकळीला, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधडीला, पाच बाय सात फूट लागतात, चारही बाजूंनी बसून टाके घालायचे असतात. त्या चित्रात आई झोपायच्या फक्त, राहायच्या नाहीत.

म्हणून आपणच करायचं ठरलं. बजेट ७० हजार, मुदत एप्रिलअखेर. तयार खोल्यांचे फोटो सगळीकडे दिसतात पण मध्ये काय काय बिघडलं ते कुणी लिहीत नाही आणि मला तेच हवं होतं, तर मी लिहिते.

मागचे आठ दिवस कॅलेंडरच्या पाठीवर टिपत होते की या खोलीत कोण कधी काय करतं. दुपारी २ ते ५ आई जमिनीवर, वाकळ किंवा भाजी निवडणं. रात्री दोनदा उठून मोरीकडे, अंधारात, भिंत धरून. सकाळी सहाला माझी हॉलमधून स्वयंपाकघरात ये-जा. लेक रात्री ९ ते साडेअकरा. गाद्या वर्षातून फार तर सहा वेळा निघतात पण जागा रोज अडवतात. हे कागदावर आल्यावर अर्धं डिझाइन तिथेच झालं. खडूने जमिनीवर पाच बाय सातचा चौकोन काढलाय, तो कुणी अडवायचा नाही, बाकी सगळं त्याच्या कडेने.

२० मार्च

काल रंगपंचमी, कुणी कामाला आलं नाही, अपेक्षाही नव्हती. तेवढ्यात भिंतीची परीक्षा लावली.

ही ओल २०१९ मध्ये पण होती, तेव्हा आम्ही आतून वॉटरप्रूफ पुट्टी आणि वर ऑइल पेंटचा पट्टा मारला होता. दोन पावसाळे ठीक गेले, मग फुगे आले, पोपडे पडले आणि ओल दोन फुटांची साडेतीन फूट झाली. आतून दार बंद केलं की पाणी वर चढून दुसरं दार शोधतं. तेव्हाचे १४ हजार वाया गेले.

या वेळी आधी कारण शोधायचं. फुटभर लांबरुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवलं. दोन दिवसांनी थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे दिसले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या हवेतला दमटपणा. खर्च शून्य.

२३ मार्च, रविवार

थेंब भिंतीकडच्या बाजूला, भरपूर. आता मार्च चालू आहे, पाऊस जाऊन पाच महिने झाले, म्हणजे हे पावसाचं पाणी नाही. संशय मोरीवर.

मोरीच्या जाळीचं भोक चिंधी आणि प्लास्टिकने घट्ट बंद केलं, दोन इंच पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलने खूण. मागच्या अंगणातल्या बाथरूमवर सगळ्यांची सोय केली. चोवीस तासांत पाणी पाऊण इंच खाली. फरशीला असलेल्या फटीतून जातंय की भोकाच्या कडेने ते कळत नाही पण मोरीच दोषी एवढं नक्की. अर्थात थोडं पाणी उडूनही जातं, म्हणून शेजारी एक परात भरून ठेवली होती, तिच्यातलं जेमतेम कमी झालं. ही परात ठेवायची विसरू नका, नाहीतर उगाच मोरी फोडाल.

२७ मार्च

मोरी फोडली. जुन्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या पाणी जायच्या भांड्याच्या, गळ्याशी सिमेंटचा सांधा पूर्ण सुटलेला, खालची माती काळी आणि चिखल. इतकी वर्षं रोजच्या आंघोळीचं थोडं थोडं पाणी आमच्या मधल्या खोलीच्या पायात जात होतं. नवीन पीव्हीसी ट्रॅप, खाली काँक्रीट, कोपऱ्यांना गोलाई, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर एक फूट वर घेऊन. टाइल्स लावायच्या आधी पुन्हा पाणी भरून चोवीस तास ठेवलं. मिस्त्री म्हणाला गरज नाही ताई, मी म्हटलं असू दे. पातळी परातीइतकीच उतरली. मग टाइल्स. एकूण ९,२०० रुपये.

बजेटमध्ये हे धरलंच नव्हतं.

२९ मार्च

पश्चिमेचं प्लास्टर उकरलं. ओलीची रेघ जिथे दिसते तिच्या एक फूट वरपर्यंत, म्हणजे साडेचार फूट, विटा उघड्या. धुळीने अख्खं घर पांढरं झालं. दारांना ओल्या चादरी लावल्या होत्या तरी स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या झाकणांवर थर. हे काम करणार असाल तर स्वयंपाकघर दोन दिवस बंदच ठेवा, आम्ही अट्टाहासाने भाकरी केल्या आणि खाताना कचकच लागली.

हॉल आणि या खोलीमधली भिंत थोडी फोडून मोठी झडप करायची माझी फार इच्छा होती, उजेडासाठी. ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरने येऊन बघितलं आणि सरळ नाही म्हणाले, स्लॅब याच भिंतीवर टेकलाय, बीम-कॉलम नाहीत, हात लावायचा असेल तर वर नीट लिंटेल, म्हणजे भार पेलणारी आडवी तुळई, घालून आणि डिझाइन करून. विषय संपला. पण त्यांनीच दाखवलं की हॉलच्या दारावर चौकटीच्या वर जुनी झडप आहे, कुणीतरी कधीतरी प्लायने बंद केलेली. ती उघडून काच लावायची. एक बाय तीन फुटांचा उजेड फुकटात मिळाला.

उद्या पाडवा. गुढी याच घरात, पण खोलीत राडा.

३ एप्रिल

वायरिंग. जुनी लाकडी पट्टीवरची, अर्थिंग नाही, अख्ख्या खोलीत एक लाइट, एक पंखा, एक प्लग. प्लास्टर उघडं आहे तोवर भिंतीत झिऱ्या (खाचा) मारून पाइप टाकून घेतले, हा क्रम बरोबर जमला. लाइटला १.५ स्क्वेअर एमएमची तार, प्लगला २.५, नवीन अर्थिंगची तार, आणि बोर्डात ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. १३,८००.

यातलं सगळ्यात कामाचं म्हणजे आईंच्या उशाशी टू-वे बटण (तोच दिवा दोन ठिकाणांहून लावता येतो), जमिनीपासून अडीच फुटांवर, झोपल्या झोपल्या हात पोचतो. आणि पलंगापासून मोरीच्या दारापर्यंत जमिनीपासून फुटावर दोन छोटे पायदिवे. ते वरून डोळ्यात येत नाहीत, फक्त पाय कुठे पडतोय ते दिसतं. वायरमनला हे पटत नव्हतं, इतक्या खाली दिवे कोण लावतं म्हणाला. मी त्याला रात्री लाइट बंद करून आईंच्या चपला घालून चालायला लावलं.

चूक इथेही झाली, एक प्लग पॉइंट असा घेतला की कपाट पुन्हा जागेवर आलं की तो मागे जाणार. कपाटाची जागा खडूने आखली होती पण भिंतीवर नाही, फक्त जमिनीवर. भिंतीवरसुद्धा आखा.

८ एप्रिल

मिस्त्री शिखर शिंगणापूरच्या यात्रेला गेलाय, कावडीबरोबर, चार-पाच दिवस येणार नाही. चैत्रात आमच्याकडे कामाची मुदत कुणी देऊ नये आणि घेऊ नये, प्रत्येक गावची यात्रा असते. आधी चिडचिड झाली, मग लक्षात आलं की भिंतीला हेच हवं होतं. टेबल फॅन दिवसभर विटांवर सोडून ठेवलाय, खिडकी सताड उघडी.

विटांवर पांढरं बुरशीसारखं यायला लागलंय, कापसासारखं. हा लोणा, पाणी सुकताना आतले क्षार बाहेर येतात. मी पहिल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसला, चूक, क्षार पाण्यात विरघळून परत विटेत जातात आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा. कोरड्या ब्रशने झाडायचं आणि खाली पडलेलं लगेच उचलायचं. आईंनी नारळाच्या शेंडीचा जुना कुंचला काढून दिला, तारेच्या ब्रशपेक्षा तो बरा, विटेची कड निघत नाही. रोज झाडते, रोज थोडं कमी येतंय.

१४ एप्रिल

प्लास्टर उकरून आज सोळा दिवस झाले. परवापासून लोणा जवळजवळ नाही. मिस्त्री आला आणि प्लास्टर झालं, एकास चार म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, पाण्यात वॉटरप्रूफिंग कंपाउंड. उकरणं आणि हे मिळून ११,५००. आता सात दिवस पाणी मारायचं. ज्या भिंतीतून पाणी काढायला महिना घालवला तिच्यावर पुन्हा पाणी मारताना जीवावर येतं पण नाही मारलं तर प्लास्टर भाजतं, बारीक तडे जातात. गोणपाट लटकवलं म्हणजे दर तासाला धावावं लागत नाही.

या भिंतीवर ऑइल पेंट, प्लास्टिक पेंट, वॉलपेपर, पीव्हीसी पॅनल काहीही लावायचं नाही असं ठरलंय. साधा डिस्टेंपर. आत उरलेली ओल असेल ती बाहेर पडू दे. पलंगसुद्धा भिंतीपासून तीन इंच लांब.

२४ एप्रिल

सुतारकाम. यात माझी सगळ्यात मोठी चूक झाली म्हणून सविस्तर लिहिते.

आईंच्या पलंगाची उंची ठरवायला आम्ही जुन्या दिवाणाच्या पायांखाली विटा आणि फळ्या घालून तीन दिवस प्रयोग केला होता. त्यांचे गुडघे दुखतात, फार खाली असेल तर उठवत नाही, वर असेल तर पाय लोंबतात. १८ इंचांवर त्या हाताचा आधार न घेता उठल्या. मी सुताराला कागदावर लिहून दिलं, पलंग १८ इंच. त्याने १८ इंचांचा पलंग केला, त्यावर गादी पाच इंच, झाले तेवीस. आई बसल्या, पाय जमिनीला टेकेनात. काही बोलल्या नाहीत, चांगला झालाय म्हणाल्या. रात्री बघितलं तर चटई टाकून खाली झोपल्या होत्या.

चूक सुताराची नाही, मी उंची कुठपासून कुठपर्यंत ते लिहिलं नव्हतं. पाय पाच इंच कापले आणि गादीवर माणूस बसल्यावर ती इंचभर दबते म्हणून खाली एक इंचाची पट्टी मारली, आता बसल्यावर बरोबर १८. अर्धा दिवस आणि ९०० रुपये मजुरी. लिहून देताना "गादीवर बसल्यावर जमिनीपासून" असं लिहा.

पलंगाखाली स्टोरेज केलं नाही. सगळे सांगतात की एवढी जागा वाया का घालवता. पण बॉक्सची फळी आईंना उचलत नाही आणि ड्रॉवर उघडला की तो वाकळीच्या चौकोनात येतो. खाली मोकळं, झाडू शेवटपर्यंत जातो, पश्चिमेच्या भिंतीला हवा मिळते.

गाद्यांसाठी मागच्या दारावर माळा, सात फुटांवर, पाच फूट लांब, दोन फूट खोल. १८ एमएम प्लाय. तीन गाद्या ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी मध्ये पोट आलं, दोरी ताणून बघितलं तर जवळजवळ अर्धा इंच. पाच फुटांच्या गाळ्याला नुसता प्लाय पुरत नाही हे सुताराला माहीत असणार, मीही विचारलं नाही. गाद्या उतरवल्या, फॅब्रिकेटरकडून दीड इंची लोखंडी अँगल आणून पुढून आणि मधून आधार दिला. ८५० रुपये.

लेकीचं टेबल पूर्वेच्या भिंतीवर, खिडकीच्या शेजारी, घडीचं, लोखंडी फोल्डिंग ब्रॅकेटवर. चार फूट बाय २१ इंच, उंची ३० इंच. बंद केल्यावर भिंतीपासून चारच इंच पुढे येतं, म्हणजे दुपारी वाकळ अंथरलेली असतानासुद्धा कडेने स्वयंपाकघरात जाता येतं. ब्रॅकेट विटेत साध्या गिट्टीवर (स्क्रूसाठी भोकात ठोकायची खुंटी) धरत नव्हते, जुनी वीट भुसभुशीत आहे, ड्रिल केलं की भोक मोठंच होतं. शेवटी भिंतीवर आडवी सागाची पट्टी आठ ठिकाणी लांब स्क्रूने बसवली आणि ब्रॅकेट पट्टीवर. आता लेक त्यावर टेकून उभी राहिली तरी हलत नाही.

सुतारकाम, प्लाय, सनमायका, झडपेची काच, माळा, दुरुस्त्या सगळं धरून ४१ हजार.

२९ एप्रिल

फरशी. बहुतेकांचा सल्ला होता की मोझेकवरच दोन बाय दोनच्या टाइल्स चिकटवा. मला मोझेक आवडतं, करड्यात लाल आणि काळे तुकडे, पण निर्णय आवडीवर नाही घेतला. वरून टाइल लावली तर चिकटवायच्या मसाल्यासकट पाऊण इंच उंची वाढते, म्हणजे तिन्ही दारांत पाऊण इंचाची पायरी, आणि आई रात्री दोनदा त्यातल्या एका दारातून जाणार. एवढ्याशा पायरीलाच ठेच लागते, मोठी दिसते तरी.

म्हणून मशीन पॉलिश. आधी भोकं पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग मिसळून भरली, दोन दिवस सुकवली, मग जाड दगडापासून बारीकपर्यंत चार वेळा घासून शेवटी चकाकीसाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. १३५ स्क्वेअर फूट म्हणजे त्याच्या हिशोबाने फार छोटं काम, फुटावर रेट द्यायला तयार नव्हता, ठोक ५,५०० घेतले. करड्या रबडीच्या बादल्या निघाल्या. ती रबडी नाल्यात किंवा मोरीत ओतू देऊ नका, पाइपात दगड होते. आम्ही गोणपाटावर ओतून पाणी निथळू दिलं आणि उरलेलं मातीच्या ढिगावर टाकलं.

भिंती फूटभर उंच शिंतोड्यांनी भरल्या पण रंग अजून व्हायचाय, त्यामुळे काही बिघडलं नाही. फरशी ओली असताना आई दारात उभ्या राहून म्हणाल्या, बांधलं तेव्हा अशीच होती.

५ मे

एप्रिलअखेरची मुदत गेली आणि घाईत मी एक आठवडा अजून घालवला.

प्लास्टरला सतरा दिवस झाले होते, हाताला कोरडं लागत होतं, पेंटर मोकळा होता आणि पुढच्या आठवड्यात त्याचं लग्नाघरचं काम होतं. मी म्हटलं मारा पुट्टी. १ मेला पहिला हात, ३ला दुसरा. आज सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर ढगांसारखे काळपट डाग, दोन ठिकाणी नखाने ओढलं तर पुट्टी पापुद्र्यासारखी निघते. प्लास्टिकचा चौकोन पुन्हा लावला असता तर दोन दिवसांत कळलं असतं, माझ्याकडे उपाय होता आणि मी वापरला नाही. ती एक भिंत खरवडायला आणि परत करायला २,६००. नवीन प्लास्टरला निदान चार आठवडे द्या, ते कोरडं दिसतं वरून.

बाकीच्या तीन भिंतींना काही झालेलं नाही, त्या जुन्याच आहेत.

१३ मे

आज दुपारी एकला दहावीचा निकाल लागला. खोलीत काम नाही, पेढे आहेत. लेकीने पहिली गोष्ट विचारली ती टेबलाचा रंग कोणता करणार.

लोखंडी कपाट आज रंगवून आलं. सासऱ्यांनी घेतलेलं, हिरवट-करडं, कडांना गंज. भंगारवाला दोन हजार देत होता. ते आम्ही गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये नेलं, त्याने जुना रंग घासून, गंज काढून, प्राइमर मारून स्प्रेने मोरपंखी केलं. ४,५०० आणि टेम्पो. नवीन कपाट या पैशात येत नाही आणि एवढं जड तर येतच नाही. आतला आरसा आणि चोरकप्पा तसाच. खोलीत हा एकच गडद रंग ठेवायचा, बाकी भिंती चुन्यासारख्या पांढऱ्या आणि खालचा पट्टा गेरूच्या रंगाचा.

१९ मे

प्लास्टिकचा चौकोन दोन दिवस कोरडा राहिला, मग पुट्टी, प्राइमर, डिस्टेंपरचा पहिला हात. या वेळी डाग नाहीत.

पण आज एक अशी गोष्ट गेली जी परत येणार नाही. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मुलांची उंची पेन्सिलने लिहिलेली होती, दर पाडव्याला, लेकीची दोन वर्षांची असल्यापासून, आणि त्याच्याखाली माझ्या नवऱ्याची आणि नणंदेची, सासऱ्यांच्या अक्षरात. मी पेंटरला सांगितलं होतं की चौकट राहू दे, पण तोंडी, आणि आज त्याच्याबरोबर दुसरा मुलगा होता. मी बँकेत गेले होते. आले तोवर पॉलिश पेपरने चौकट खालून तीन फुटांपर्यंत स्वच्छ घासलेली. सासऱ्यांच्या अक्षरातल्या दोनच ओळी वाचल्या, वरच्या. त्या पोराचा काही दोष नाही, त्याला मळकी चौकट दिसली.

नवरा संध्याकाळी बराच वेळ तिथे उभा होता. जुन्या फोटोत एका ठिकाणी मागे चौकट दिसते, त्यावरून तीन खुणा मापून परत काढल्या, पण अक्षर ते नाही. उरलेल्यावर लगेच पारदर्शक पॉलिशचे दोन हात दिले. जे ठेवायचं आहे ते काम सुरू व्हायच्या पहिल्या दिवशी पुठ्ठ्याने झाका आणि टेप मारा. त्याच्यावर लिहा. कुणी वाचेल यावर नको, हातच लागता कामा नये.

२६ मे, सोमवार

पाऊस. आठवडाभर वळवाचा पडतच होता, आणि काल मान्सून कोकणात पोचला म्हणे, मे महिन्यात! आम्ही बाहेरून खिडकीभोवतीचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यावर ठेवलं होतं कारण आपल्याकडे त्याच्या आधी कधी येत नाही. रात्रभर झोडपलं.

पश्चिमेची भिंत कोरडी. मी पहाटे चारला उठून हात लावून बघितली. पूर्वेला मात्र खिडकीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात ओला डाग, तळहाताएवढा. सकाळी छत्री घेऊन बाहेर उभी राहून बघितलं तर छज्जावरचं पाणी पुढच्या कडेवरून सरळ खाली पडत नाही, कडेखाली वळून पोटाला चिकटून मागे भिंतीपर्यंत येतं आणि चौकटीच्या फटीतून आत. छज्जाच्या पोटाला कडेजवळ एक खाच असायला हवी म्हणजे पाणी तिथेच तुटून पडतं. १९७४ची खाच होती, नंतरच्या कुठल्यातरी रंगकामात सिमेंटने भरली गेली.

उघडीप मिळाली की फट सिलंटने भरून घेतली आणि छज्जाच्या पोटाला तात्पुरती अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चिकटवली, १,८००.

१ जून, रविवार

सामान आत. मशीन खिडकीखाली, कपाट दक्षिणेच्या भिंतीला, पलंग मोरीच्या दाराजवळ. कपाटामागे गेलेल्या प्लगवरून वायर काढून बाजूला नवीन बॉक्स घेतला, वायरमनने पैसे घेतले नाहीत.

रंगाचे मूळ १२ हजार धरून एकूण १,०१,९००. ठरवले होते ७० हजार. त्यातले मोरी आणि प्लास्टरचे मिळून २०,७०० दिसतच नाहीत कुठे, येणारा पाहुणा कपाट बघतो. दिवस ठरवलेले पंचेचाळीस, लागले पंचाहत्तर.

रात्री एक नवीन अडचण कळली. आई नऊला झोपतात आणि लेकीचा टेबलावरचा दिवा सरळ त्यांच्या डोळ्यांवर. दोघी एकमेकींसाठी गप्प, ही दिवा बंद करून हॉलमध्ये गेली. छताला रॉड लावून पडदा करायचा विचार होता पण मग झडपेचा उजेड आणि पंख्याची हवा दोन्ही अडते. सध्या दिव्याला खोल टोप बसवलाय आणि पलंगाच्या उशाची बाजू बदलली, डोकं आता उत्तरेऐवजी दक्षिणेला, त्यामुळे पाठ दिव्याकडे येते. म्हणजे उशाजवळचं बटण आता पायाशी. ते हलवायला परत भिंत फोडायची नाही, रिमोटचा बल्ब आणलाय, आईंना रिमोट आवडलेला नाही. यावर अजून उत्तर सापडलेलं नाही, कुणी केलं असेल तर सांगा.

२० जुलै

गेले पाच आठवडे साताऱ्याचा पाऊस, कपडे वाळत नाहीत, मीठ डब्यात पाझरतंय. अशात प्लास्टिकचा चौकोन पश्चिमेच्या भिंतीवर चार दिवस ठेवला. खोलीकडच्या बाजूला धूसर दमटपणा, तो असणारच, भिंतीकडची बाजू कोरडी खडखडीत. पलंगामागे हात घालून खालपर्यंत बघितलं, लोणा नाही.

खिडकीच्या कोपऱ्यात दोन बोटांचा डाग आहेच. पट्टीचं एक टोक सुटलंय. छज्जाची खाच कटरने नीट पाडून घ्यायची ती आता दिवाळीनंतर, तोवर त्या कोपऱ्यात रंग लावणार नाही.

काल आईंनी लेकीच्या दहावीच्या गणवेशाची वाकळ घातली. पाच बाय सात, मधोमध, आणि मी चहा घेऊन कडेने गेले, पाय न लागता.